उपकारस्तुतीचा मांडव

“पेटी आली,” असं ओट्यावरून कुणीतरी म्हणालं आणि मैनाबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या.

सकाळपासून त्या रविंद्रच्या उशाशी बसून होत्या. उठवलं तरी उठत नव्हत्या, पाणी पुढे केलं तरी घेत नव्हत्या. आता मात्र दोन्ही हात पसरून त्या खोलीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“इतक्यात कशी आली? मिस्त्री तं संध्याकाळ म्हने. आनू नका म्हना अंदर! अजून माह्या लेकाचे पाय पुसाचे आहेत. थांबाले सांगा वं बायाहो, हात जोडते.”

बायकांनी त्यांना धरलं. चारुलता, त्यांची धाकटी सून आणि रविंद्रची बायको, बाहेर गेली.

मांडवाखाली भैयाजी उभा होता. शेजारी सायकल, आणि कॅरिअरला गोधडीत बांधलेली त्याची हार्मोनियम. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, तोंडात पान. तिच्या सासऱ्यांच्या, ईश्वरदासबुवांच्या, कीर्तनात वर्षानुवर्षं साथीला बसणारा हा माणूस थेट पारडीहून सायकल मारत आला होता. त्याला सकाळचा निरोप मिळालाच नव्हता.

“वहिनी,” तो हसत म्हणाला, “पेटी कुठी ठेवू? अन् उत्सवमूर्ती कुठी आहे? आज त्याले पुढं बसवतो. दोन महिने खाटेवर लोळला, म्हना आता टाळ धर!”

चारुलता त्याच्याकडे पाहत राहिली. तिने तोंड उघडलं. पण ते वाक्य तिला येईना. सकाळपासून कुणापुढेच आलं नव्हतं. ‘रविंद्र’ म्हटल्यावर पुढे काय म्हणायचं असतं?

“भैयाजी, चहा घेता का?” ती म्हणाली.

मांडवाच्या कडेला बसलेला देवाजी उठला आणि भैयाजीच्या खांद्यावर हात टाकून त्याला नळाकडे घेऊन गेला. थोड्या वेळाने तिकडून खळखळून चूळ भरल्याचा आवाज आला. तोंडातलं पान टाकून, तोंड स्वच्छ धुऊन, मग भैयाजी रडला.

कावीळ झाली होती रविंद्रला. डोळे हळदीसारखे, अंगात काडीची ताकद नाही. दोन महिने दवाखान्यात गेले. हिंगण्याच्या कारखान्यातली त्याची पाळी दुसऱ्याला दिली गेली. मग हळूहळू पिवळेपणा उतरला, भूक लागली, माणूस घरी आला. गेल्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मंडळीपुढे वाचून दाखवलं होतं: येत्या रविवारी चार वाजता ईश्वरदासबुवांच्या घरी, मोहननगरात, रविंद्र बरा झाला म्हणून देवाचे आभार मानायला उपकारस्तुतीची सभा, बुवांचं कीर्तन होईल, सर्वांनी अगत्याने यावं. काटोलपासून भिवापूरपर्यंत निरोप गेले होते. आणि आज सकाळी रविंद्र मांडवाची शेवटची दोरी स्वतः बांधत होता. चारुलता म्हणाली, राहू द्या, देवाजीकाका आलेत. तो म्हणाला, “माझ्याच सभेचा मांडव दुसऱ्यानं बांधायचा होय?” गाठ मारली, “जरा बसतो” म्हणाला आणि मांडवाच्या बल्लीला टेकून बसला. बसला तो बसलाच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं. इतका वेळ, की मैनाबाईंना वाटलं, काहीतरी ऐकू येत असणार.

*

रुपरावला सगळ्यात आधी फाटकावरचा फलक काढायचा होता.

तो थोरला मुलगा. कचेरीत हेडक्लार्क, मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी. घरात काहीही झालं तरी पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक असायचं. माती आज संध्याकाळीच द्यायची, हे त्याने ठरवलं होतं. कबरस्तानात सांगून झालं, मिस्त्रीला शवपेटीचं माप देऊन झालं, पाळकसाहेबांकडे माणूस गेला. राहिला तो फलक. जुन्या चादरीच्या पट्टीवर रविंद्रने निळ्या रंगाने मोठ्ठं लिहिलं होतं: ‘उपकारस्तुती’.

रुपराव स्टुलावर चढला. लिहिताना रविंद्र ‘का’चा काना विसरला होता आणि मग तो दोन अक्षरांच्या मध्ये कसाबसा कोंबला होता. काल संध्याकाळी रुपरावच त्याला हसून म्हणाला होता, “मॅट्रिक कसा झाला गा तू?”

त्याने दोरीला हात घातला. तो बारीकसा काना पाहिला. आणि तसाच खाली उतरला.

“नाही निघाला?” मागून देवाजीने विचारलं.

“राहू द्या काका. काढतो मंग.”

देवाजी ईश्वरदासांचा चुलतभाऊ, टिमकी मोहल्ल्यातला विणकर. दोन पिढ्यांमागे घरातली एक फांदी ख्रिस्ती झाली, दुसरी झाली नाही. अधूनमधून अबोला यायचा, पण लग्न आणि मयत कुणी चुकवलं नाही.

“काका, एक काम करा. भैयाजीले पेटी घेऊन वापस पाठवा. बाबानं पाह्यली तं त्याइले गावंसं वाटन.”

“मंग वाटू दे ना! बापानं लेकाले गाऊन नाही न्याचं तं काय बँडवाल्यानं न्याचं?”

“आमच्यात तसं नसते. पाळकसाहेब वचन वाचतीन, दोन गीतं, प्रार्थना, माती. शांततेत. चिपळ्या अन् तबला मयतीत शोभते का? कमिटीचे लोक येऊन राहिले.”

देवाजीने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर झटकली. त्याची ती राग आवरायची पद्धत होती.

“हे पाह्य रुप्या. आमच्यात मानूस भजनात जाते. अन् आमाले तं काही खात्रीही नाही, गेला थो कुठी गेला. तुमी तं छाती ठोकून सांगता का मेलेला उठते. तुह्या बापाच्या तोंडून दरसाल आयकतो मी, मांडीवर ताल धरून आयकतो. ज्याइले खात्री थे मुके, अन् आमी गाऊन राहिलो! हे कसं गा?”

रुपरावने स्टूल उचलून धाडकन बाजूला ठेवलं.

“हा आमच्या मंडळीचा प्रश्न आहे काका. तुमी पाहुणे आहा.”

बोलल्याक्षणी त्याला कळलं, हे चुकलं. पण सकाळपासून इतकं काही हातातून निसटलं होतं की हा शब्द तेवढा परत धरायला हात उचलला नाही.

“बरं,” देवाजीने टोपी डोक्यावर ठेवली. “पाहुना तं पाहुना. सकाळी तुह्या भावाले उचलून अंदर नेला थो बी पाहुनाच व्हता.” आणि तो फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखालच्या दगडावर पाठ करून बसला.

*

चारुलता स्टोव्ह विझू देत नव्हती. येईल त्याला चहा. एक पातेलं उतरलं की दुसरं. फळीवर परातभर भाजलेला रवा झाकून ठेवला होता, सभेच्या शिऱ्यासाठी. तिकडे ती बघत नव्हती. हात थांबले तर काहीतरी होईल, एवढंच तिला कळत होतं.

स्वयंपाकघराच्या दारात सासरे उभे होते. ईश्वरदास कधी या दारापर्यंत येत नसत. पाणी हवं असलं तरी ओट्यावरून हाक मारीत. आज हातात चिपळ्या होत्या, मुठीत घट्ट धरलेल्या, वाजू नयेत म्हणून.

“पोरी, मी गाऊ का?”

“काय?”

“कीर्तन वं. मले दुसरं काही येत नाही. पाळकसाहेब प्रार्थना करतीन, रुपराव धावपळ करून राहिला, देवाजी खांदा देईन. मी काय देऊ त्याले? जे आज गाणार होतो थेच गातो.”

“तेच? उपकार?”

“हाव.”

चारुलताने पातेलं खाली ठेवलं. आवाज न करता ठेवलं.

“कोणाचे उपकार, मामाजी? दोन महिने मी पोटात धड घास ठेवला नाही. गुडघे सोलले प्रार्थना करून करून. त्यानं ऐकलं. ऐकलं ना? तुम्हीच म्हणालात, प्रभूनं आपला रवी आपल्याला परत दिला. परत देऊन असं हिसकावून घेतं का कोणी? थट्टा केली का त्यानं माझी?”

तिला वाटलं, आता वचन येईल. चाळीस वर्षं उभं राहून सांगणाऱ्या माणसाकडे वचन नाही असं कधी झालं नव्हतं. एखादी ओवी येईल, दृष्टांत येईल. ती त्यालाही तयार होती. तोडून टाकायला तयार होती.

“मले माहीत नाही,” ईश्वरदास म्हणाले.

ती क्षणभर गोंधळली. मग तिचा आवाज खाली आला.

“माहीत नाही तर गाऊ नका. या मांडवानंच नेलं त्यांना. सभा नसती तर आज खाटेवर पडून असते. कुरकुर करत पडून असते. तुम्ही आज उपकार गायलात, मामाजी, तर मातीवरून मी सरळ काटोलची बस धरीन, माहेरी जाईन. धमकी नाही देत. मला या घरात राहताच येणार नाही.”

“चारू—”

“नका गाऊ.”

हे मैनाबाईंनी म्हटलं होतं. त्या कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. लग्नापासून त्यांनी नवऱ्याच्या कीर्तनाला नाही म्हटलं नव्हतं. तापात म्हटलं नव्हतं, बाळंतपणात म्हटलं नव्हतं.

“तुमच्या कीर्तनात बाया रडे, तं मी पाहो. वाटे, वा, काय गाते माहा नवरा! मले काय माहीत थ्या काहून रडून राहिल्या. आज समजलं. नका गाऊ तुमी. लेक गेला. सून नाही जाऊ देत मी.”

मिठाच्या चिमटीवरूनही जिचं आपल्याशी पटलं नव्हतं त्या सुनेचं मनगट त्यांनी धरलं, आणि धरूनच ठेवलं.

ईश्वरदासांनी चिपळ्या फडताळात, डब्यांच्या मागे ठेवल्या. झोपलेल्या मुलाला ठेवावं तशा.

*

चारपर्यंत मांडव भरला. ज्यांना कळलं होतं ते पांढऱ्या कपड्यांत आले, आणि ज्यांना कळलं नव्हतं तेही पांढऱ्या कपड्यांतच आले. सभेचा कपडा आणि मातीचा कपडा या लोकांत एकच. कळलं नव्हतं त्यांना फाटकाशी कुणी ना कुणी गाठत होतं. मग हातातली फुलं तशीच खाली लोंबत, माणूस मागच्या रांगेत जाऊन बसे. बायका आत रविंद्रला नवा सदरा घालत होत्या. दार लोटलेलं होतं.

ईश्वरदास पुढे, सतरंजीच्या कोपऱ्यावर बसले होते. बायबलातल्या बेथानी गावच्या दोन बहिणींचं आख्यान त्यांनी किती मयतींत लावलं असेल याला गणती नव्हती. भाऊ मेलेला, थडग्यावर दगड, आणि येशू उशिरा आलेला. दगड बाजूला सरकून भाऊ जिवंत बाहेर येतो ती ओळ येईपर्यंत त्यांना घाई व्हायची. तिथे आवाज चढायचा, लोकांचे डोळे वर व्हायचे. त्याआधीचे चार दिवस ते दोन ओव्यांत उरकायचे. आज पहिलाच दिवस सरत नव्हता. ‘प्रभू, तू इथं असतास तर’ हे त्या बहिणीचं बोलणं त्यांनी नेहमी गोड चालीत बसवलं होतं. ते भांडण होतं, हे त्यांना आज कळत होतं.

प्रभू नाही, असं त्यांना वाटलं नाही. तो इथेच आहे आणि गप्प आहे, असं वाटत होतं. आणि तेच पेलवत नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. तुळसाबाई उतरली.

ईश्वरदासांची थोरली बहीण. उभ्या आयुष्यात भिवापूरच्या आसपास, गावोगाव वचन वाचून दाखवणारी बायबलबाई म्हणून पायी फिरली. आता कान पार गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. खांद्याला मिरच्यांची पिशवी. ती फाटकाशी थांबली, फलकाच्या अगदी जवळ नाक नेलं, बोट एकेका निळ्या अक्षरावरून फिरवलं. मग मान डोलावली आणि आत आली.

पलीकडच्या दगडावरून देवाजीने मान वळवून तिला पाहिलं. तो अर्धा उठलाही. पण पाहुणा होता तो, पुन्हा बसला. रुपरावला वाटलं, काकांनी सांगितलं असणार. ईश्वरदासांना वाटलं, रुपरावने सांगितलं असणार. लोकांनी वाट करून दिली आणि ती पहिल्या रांगेत बसली. आजूबाजूला सगळं पांढरं. कुणी डोळे पुसत होतं. उपकारस्तुतीतही माणसं डोळे पुसतात.

पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली. ‘आमेन’ झालं आणि ते वचन उघडेपर्यंत जराशी शांतता पडली. सभेत याच जागी, देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष ज्याला द्यायची तो उठतो.

तुळसाबाई उठली.

“प्रभूची स्तुती असो!” बहिरी माणसं बोलतात तशी ती ओरडली. “मी लय दुरून आली. गाडीत जागा नवती, उभ्यानं आली. पन आज पाय दुखून नाही राहिले!”

माना खाली गेल्या. कुणीतरी पुटपुटलं, काय विश्वास आहे म्हातारीचा.

“काहून का आज आनंदाचा दिवस आहे! आमचा रवी मरनाच्या दारातून वापस आला!”

मांडवात एकदम श्वास ओढल्याचा आवाज झाला. रुपराव उठून पुढे धावला.

“आत्या! आत्या, बसा—”

“तूच बस गा रुप्या. माही साक्ष पुरी होऊ दे. तू नेहमीच घड्याळ पाहते!”

तिने त्याचा हात झटकला. पाळकसाहेब अर्धवट वाकलेले, हात पुढे केलेले, तसेच राहिले. तिला थांबवायचं तर ओरडून सांगायला हवं होतं, आणि ते ओरडायला कुणाची छाती होत नव्हती.

“दवाखान्यात दुपारी ही सून घरी जाये, पेज करून आनाले. तवा मी बसो त्याच्यापाशी. हळदीवानी पिवळा झालता. मी म्हटलं, बावा, मले आयकू येत नाही, पन तू बोल, मी तोंडाकडे पाहीन. तं या पोट्ट्यानं काय करावं? माहा पदर सरकवला, अन् कानाच्या मांगं हे हाड आहे ना, हे, याले तोंड लावलं, अन् गायला! लय वर्सं झाले मले काही आयकू आलं नवतं. हाडातून आयकू आलं! बापाचं समदं कीर्तन. पूर्वरंग एका दुपारी, उत्तररंग दुसऱ्या दुपारी. नर्सबाई रागवे, पेशंटनं बोलाचं नाही. तं म्हने, मी बोलून नाही राहिलो सिस्टर, आत्याच्या हाडाले फुकून राहिलो!”

मागच्या रांगेत कुणाच्या तरी नाकातून हसू फुटलं आणि लगेच हुंदका झालं.

“अन् मले म्हने, आत्या, बाबाचा आवाज आता उंच पट्टीत बेडकावानी होते, पन त्याइले सांगाचं कोनी?”

ईश्वरदासांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कशाचा, त्यांनाही कळलं नाही. भैयाजीने गुडघ्यात तोंड घातलं. त्याचे खांदे हलत होते.

“मी देवाले म्हनो, मले अशी बहिरी-आंधळी काहून ठेवली? नेत काहून नाही? मंग त्यानं या पोराच्या तोंडानं मले आयकवलं. देवा, तुहे उपकार. तू आमाले हा पोरगा देल्ला, तुहे लय उपकार, बाप्पा.” तिने हात जोडले, डोळ्यांना लावले, आणि मग मांडवभर चेहरा फिरवला. “कुठी आहे थो? बोलवा ना! त्याच्यासाठीच आली ना मी.”

*

हसण्याचा आवाज ऐकून चारुलता बाहेर आली होती. कोण हसतंय ते पाहायला, आणि त्याला बाहेर काढायला. लोटलेलं दार उघडून ती ओट्यावर आली आणि तिथेच थांबली.

दुपारी. रोज दुपारी ती दवाखान्यातून धावत निघायची, पेज शिजताना स्टोव्हवर चिडायची, पुन्हा धावत जायची. तेवढा वेळ तो भिंतीकडे तोंड करून एकटा पडला असेल, या एका विचारावर तिने ते दोन महिने काढले होते. आत्याबाई काय, तेव्हा मुक्कामाला आलेली, बसल्या जागी डुलक्या घेणारी म्हातारी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं. तो गात होता. त्या दुपारी भरलेल्या होत्या.

“बोलवा ना वं!” तुळसाबाई पुन्हा म्हणाली.

“आत्या!” रुपरावने ओरडण्यासाठी श्वास घेतला. “आत्या, रवी—” आणि सगळ्या घराची व्यवस्था लावणारा तो माणूस तोंडावर रुमाल दाबून खाली बसला.

चारुलता ओट्यावरून उतरली. लोकांनी पाय आखडून घेतले. ती म्हातारीपुढे गुडघ्यांवर बसली, तिला खाली बसवलं, तिचा पदर सरकवला आणि कानामागच्या त्या हाडाला ओठ टेकले.

“आत्याबाई. रविंद्र गेले.”

सकाळपासून न आलेलं वाक्य. पूर्ण आलं.

“आज सकाळी गेले. मांडव बांधताना.”

तुळसाबाई हलली नाही. नुसत्या पापण्या हलल्या.

“गेला? कुठी गेला?” तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“प्रभूकडे,” चारुलता म्हणाली. म्हणायची सवय म्हणून म्हणाली. आणि मग तिला जाणवलं, दुसरं कुठलंच ठिकाण तिच्या तोंडात आलं नाही. रागातही नाही. भांडायचं होतं ते त्याच्याशी, आणि रविंद्र होता तोही त्याच्यापाशीच.

“माह्या आंगोदर?” म्हातारीचा चेहरा चुरगळत गेला. “माहा नंबर व्हता वं! तो काहून मधात घुसला? आता मी जाईन तवा थोच मले घ्याले दारात येईन का? उलटं झालं ना हे!” तिने तळहात सतरंजीवर आपटला, पुन्हा आपटला. मैनाबाई दारातून धावत आल्या आणि नणंदेच्या शेजारी बसून त्यांनी तो हात आपल्या मांडीत घेतला.

मग तुळसाबाई एकदम थांबली. दुसरा हात तोंडाकडे गेला.

“अन् मी आता काय म्हटलं? मयतीत उभी राहून मी देवाले उपकार म्हटलं? इतक्या लोकाइत? त्याच्या मुर्द्यापुढं?”

तिने मोतीबिंदूचे डोळे चारुलताच्या चेहऱ्यावर लावले.

“तुहा नवरा व्हता. तू सांग. मी वापस घेऊ का? तू म्हनशीन तं आत्ता उभी राहून वापस घेते. देव काय म्हनन थे मी पाहून घेईन.”

ईश्वरदास सतरंजीकडे पाहत होते. मान वर केली तर सुनेवर भार पडेल, म्हणून त्यांनी ती केली नाही.

चारुलता गुडघ्यांवरच होती. आजच्या सकाळसाठी ती कुणाचे आभार मानणार नव्हती. आज नाही, कदाचित कधीच नाही. देवाला ते माहीत असेल, नसेल तर होईल. पण म्हातारीने आजच्या सकाळचे मानले नव्हते. तिने दुपारींचे मानले होते. ते परत घ्यायचे म्हटले तर त्या दुपारीही परत द्याव्या लागतील. पिवळा पडलेला तो माणूस, हाडाला तोंड लावून गाणारा, नर्सला उलट उत्तर देणारा. तोही द्यावा लागेल. लग्नापासूनचा सगळा द्यावा लागेल.

“नका घेऊ,” ती म्हणाली.

“काय म्हंते?”

“नका घेऊ, आत्याबाई.”

“मोठ्यानं बोल ना वं! मले आयकू नाही येत!”

तिला पुन्हा वाकून सांगता आलं असतं. ती वाकली नाही. उभी राहिली, आणि रस्त्यापलीकडच्या दगडावर बसलेल्या देवाजीनेही मागे वळून पाहावं अशा आवाजात ओरडली, “परत घेऊ नका! दिलेत ते राहू द्या! राहू द्या तसेच!”

आणि तिचा बांध फुटला. उभ्या उभ्याच ती रडू लागली. तोंड न झाकता, लहान मुलीसारखी, मोठ्याने. मैनाबाईंनी उठून तिला छातीशी धरलं. दोघींचा आवाज एकच झाला, कुठला कुणाचा ते कळेना.

“बरं,” तुळसाबाई खालून म्हणाली. “मंग राहू दे.”

देवाजी फाटकातून आत आला होता. रुपरावने त्याला पाहिलं, सरकून शेजारी जागा केली. “काका, बसा,” एवढंच म्हणाला. देवाजी बसला.

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. ते ईश्वरदासांकडे पाहत होते, आणि ईश्वरदास सुनेकडे.

“मामाजी,” सासूच्या खांद्यावरून चारुलता म्हणाली, हुंदक्यांच्या मधून, तुटक तुटक. “म्हणा. पण सगळ्याचे उपकार म्हणू नका. माझ्याच्यानं ऐकवणार नाही. जेवढे आहेत तेवढेच म्हणा.”

ईश्वरदास उठले. हात कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. ते तसेच, मोकळे सोडले. पूर्वरंगाचं नमन त्यांना आठवलं नाही. बेथानी आठवली नाही. जे तोंडात आलं ते त्यांनी आधी कधी रचलेलं नव्हतं, आणि ते त्यांनी खालच्या सुरात, कुणाशी तरी जवळून बोलावं तसं म्हटलं:

ठेव तुझी तुजपाशी आली, माझे हात रिकामे;
हाक तुझी येता पहाटेस, उठू एक त्या नामे.

पुढची ओळ सुचली नाही. मग त्यांनी तीच पुन्हा म्हटली, आणि या वेळी मांडवाने ती उचलली.